पत्ता बरोबर हाय

शोभे,

काल तू सखाराम आबांवर ओरडलीस. "चुकला की राव! गट नंबरात तिरपी रेघ चालत न्हाई, आडवी टाका." आबा खुर्चीतून अर्धे उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, "चुकलं बाई, चुकलं." मग त्यांना आठवलं. ते जिना उतरून गेले, चष्मा इथेच विसरून. तुझा दहावा होऊन आठवडा झाला नाही अजून, आणि तू मात्र इथे नारायणगावात, आमच्या कापडाच्या दुकानावरच्या खोलीत, सकाळपासून माणसांना झापते आहेस. मला हे सहन होत नाही. कंप्युटर बंद करून टाकावा म्हणते, तर हात पुढे होत नाही.

दहाव्याला घोडनदीवर बायका आपसात विचारत होत्या, ही नक्की करायची काय? कुणी म्हणालं टायपिंग, कुणी म्हणालं कंप्युटरची मास्तरीण. तुझी आई तर पहिली दोन वर्षं सगळ्या महाळुंगे पडवळला सांगत होती की लेक पोस्टात लागली. कारण तूच तिला सांगितलं होतंस, "मी पत्ते तपासती." तिचा तो समज तू मुद्दाम मोडला नाहीस. "शेठाणी, आईला पोस्ट कळतंय, पर्ल नावाची प्रोग्रॅमची भाषा कुठं कळायची," म्हणाली होतीस, आणि वर हसली होतीस. मी जैनांची सून, म्हणून मला शेठाणी. नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

आणि खोटं तरी कुठे होतं ते? पत्तेच तपासायचीस. द्राक्षवाल्यांच्या गटाचं काम आपल्याकडे आलं तेव्हा प्रत्येक बागेचे फोटो, फवारणीचे कागद, लॅबचे रिपोर्ट असं सगळं स्कॅन करून सीडीवर चढवायचं होतं, आणि बरोबर प्रत्येक फाइलच्या पत्त्याची यादी द्यायची होती. आधी ड्राइव्ह, मग गाव, मग शेतकरी, मग गट नंबर. निर्यातवाल्याच्या मशीनला एक जरी पत्ता वेडावाकडा दिसला, तर अख्खी सीडी परत. आणि आपली माणसं पत्ते कसे लिहिणार? जसे जन्मभर लिहीत आली तसे. बोरी बुद्रुकचा माणूस गावाच्या नावापुढे 'बु' आणि त्यापुढे टिंब देणारच. विंडोज ते शेवटचं टिंब गिळून टाकतं आणि मग टिंबवाल्या पत्त्याचं फोल्डर यादीशी जुळत नाही, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगायचं?

तू सांगायचीस. पुण्याहून आणलेल्या त्या झेरॉक्सच्या पुस्तकातून तू रेग्युलर एक्स्प्रेशन शिकलीस. पुस्तकाची मधली पानंच छापायची राहिली होती, तरी शिकलीस. पत्ता कसा दिसायला हवा ते मशीनला सांगणारी एक ओळ. कंस, चौकोनी कंस, उलट्या रेघा, तारे. मला ती ओळ बघून कुणीतरी कीबोर्डवर डोकं टेकून झोपलंय असं वाटायचं. तू मला बसवून शिकवलंस. "ही टोपी. टोपी म्हंजी हितनं सुरुवात. आन् हा डॉलर, म्हंजी हितं संपलं. ह्या दोन्हीच्या मधी जे बसंल तेच आपलं." पहिल्याच दिवशी तू डॉलर विसरलीस. आबांनी आपल्या फाइलचा पत्ता टाइप केला आणि सवयीनं पुढे 'राम राम'ही टाइप केलं, आणि तुझ्या ओळीनं तो अख्खा पत्ता पास केला. किती हसलो होतो आपण! तू डॉलर टाकलास आणि आबांना सांगितलंस, "आबा, आता राम राम तोंडानं करायचा."

खरं भांडण पेटलं ते गट नंबरावरून. आबांचा गट दोनशे चौदा तिरपी रेघ दोन. फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, पत्त्यात ती आली की मशीनला वाटतं दोनशे चौदा नावाचं फोल्डर आहे आणि त्यात दोन नावाची फाइल. तू त्यांना आडवी रेघ टाकायला सांगितलंस. आबा ऐकेनात.

"बाई, ती रेघ म्हंजी वाटणी हाय. तिच्या आल्याड मी आन् पल्याड माझा भाऊ. ती आडवी केली आन् उद्या त्यो म्हनला बांधच मोडला, तर?"

"आबा, बांध शेतात हाय. हितं निस्तं नाव हाय."

"नावातच तर समदं हाय की!"

मी म्हटलं, शोभे, जाऊ दे ना, प्रोग्रॅमलाच शिकव, तिरपी दिसली की गुपचूप आडवी कर. तू माझ्यावरच उसळलीस. "गुपचूप सुधारलं तर मानसाला कळायचं कसं काय चुकलं ते? उद्या दुसऱ्या मशीनवर बसला तर तिथं कोण सुधारनार, तुजा सासरा?" खाली सासऱ्यांनी ऐकलं. मला हसू आवरेना. तुझं मात्र तसंच होतं, नियम म्हणजे नियम. तुझ्या स्वतःच्या गावाच्या नावात जागा आहे म्हणून तुझ्याच ओळीनं तुझं गाव नाकारलं होतं. महाळुंगे आणि पडवळच्या मध्ये खालची रेघ टाकल्याशिवाय ते पास होईना. मी म्हटलं, निदान माहेराला तरी सूट दे. तर म्हणालीस, "माज्या गावाला दिली की समद्या तालुक्याला द्यावी लागंल." हा वाद मी अजूनही हरलेली नाही, लक्षात ठेव. माणसं चुकतात तर मशीननं थोडं वाकावं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. पण आता भांडू कुणाशी?

आवाजाची कल्पना माझी, हे मात्र तू कबूल केलं होतंस. चूक दाखवणारी इंग्रजी चौकट आली की म्हातारी माणसं घाबरायची, सगळं पुसलं गेलं म्हणून हात वर करून बसायची. मी म्हटलं, तू बोल. माइक आणला, पंखा बंद केला. लोडशेडिंगची वेळ टाळून दुपारी बसलो आणि तू चार वाक्यं बोललीस. तिरपी रेघ आली तर एक, काल आबांना ऐकवलंस ते. मध्ये जागा सोडली तर, "अहो पावणं, मधी जागा कुनासाठी ठिवली?" शेवटी टिंब आलं तर, "टिंब काढा, गाव पळून जात न्हाई." आणि सगळं ठीक असलं की चौथं, "पत्ता बरोबर हाय." या चौथ्या वाक्याच्या मागे खालून जीपवाला ओरडतो, "जुन्नर, जुन्नर, जुन्नर!" मी म्हटलं पुन्हा घेऊ. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. नारायणगाव हाय हे कळंल तरी."

लोक हौसेनं चुका करायला लागले. द्राक्षाच्या बागेतून थेट येऊन गडी माणसंसुद्धा मुद्दाम तिरपी रेघ मारायची, तुझी बोलणी खायला. आणि तू तिथेच शेजारच्या खुर्चीवर, कांदा-भाकरीचं फडकं सोडून बसलेली, स्वतःच्याच आवाजावर मान डोलवायचीस. "कांद्याबिगर घास उतरतो कसा गं तुज्या घशाखाली," हे रोजचं. रोज तेच विचारायचीस आणि रोज मी तेच उत्तर द्यायची. आता दुपारी डबा उघडते आणि कुणी काही विचारत नाही. परवा मी डबा तसाच झाकून घरी नेला.

एक काम राहिलं होतं, शोभे. तुला माहीत आहे कुठलं.

मी तुला कितीदा म्हटलं होतं, तुझी ओळ फक्त पत्त्याचा चेहरा बघते. तिथे फाइल खरंच आहे की नाही, ते कुठे बघते? पत्ता शुद्ध लिहिला म्हणजे माणूस घरी सापडलाच असं नाही. तू म्हणायचीस ते वेगळं काम आहे. आधी नाव नीट, मग दार वाजवायचं. "आन् दार वाजवायला काय लागतंय? आडवी रेघ आन् ई. पर्लमधी इवढंच हाय. आडवी रेघ, ई, फुडं पत्ता. हाय तर हाय, न्हाई तर न्हाई. कवाबी टाकता यील." मी म्हणायची, मग टाक ना. तू म्हणायचीस, "टाकती गं." त्यालाही एक पाचवं वाक्य लागणार होतं, आणि ते कसं म्हणायचं यावरही आपण भांडलो. "फाइल सापडली नाही" हे माझं. तुला ते कोरडं वाटायचं. "मी बघती काय म्हनायचं ते."

तुझं ते राहून गेलं कारण त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. का अडत नव्हतं, ते मला आत्ता कळलं, या आठवड्यात. यादी पास झाली की तू प्रत्येक फोल्डर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीस. एखादी फाइल नसली की जिन्यावरूनच हाक मारायचीस, अहो, तुमचा रिपोर्ट फ्लॉपीतच राहिला. त्या आडव्या रेघेचं काम तूच करत होतीस. आणि त्याची कुठे नोंद नव्हती, कुणाला गरज वाटली नव्हती, मलासुद्धा नाही.

साधा ताप म्हणून तू गेलीस मंचरला दवाखान्यात. मी भेटायला आले तेव्हा सलाइन लावलेला हात हलवत म्हणालीस, "ती ई ऱ्हायलीय गं. आल्यावर टाकती." यावर मी काय म्हणाले असेन? "आधी बरी हो," एवढंच. शेवटचं बोलणं हे असतं का कुणाचं? लोकांची शेवटची वाक्यं किती मोठी असतात, आणि आपलं एका इंग्रजी अक्षराचं. मी तुला काहीच म्हटलं नाही. तू माझ्यासाठी कोण आहेस, या खोलीत येण्याआधी मी दिवसभर फक्त पापड लाटत आणि साड्यांच्या घड्या घालत होते, तुझ्या हट्टापायी मी मशीनसमोर बसायला शिकले, यातलं एक अक्षर म्हटलं नाही. वाटलं, येईल की परत. येते म्हणालीस ना तू!

या आठवड्यात सीडी परत आली. आबांचा लॅबचा रिपोर्ट यादीत होता, पण फोल्डरमध्ये नव्हता. त्यांनी पत्ता नीट टाइप केला होता, तू म्हणालीस पत्ता बरोबर हाय, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवून सीडी दिली. माल तोडणीला आलाय. गटातले बाकीचे आले आणि सरळ बोलले. "वहिनी, बाईचं मशीन बिनचूक हाय म्हनून आमी डोळं झाकून चाललो. पर आता ते नसल्यालं बी हाय म्हनतंय. तोडणीच्या आदी सुधरा, न्हाईतर आमाला पुण्याला दुसरीकडं द्यावं लागंल काम." दुसरीकडे म्हणजे दुसरा प्रोग्रॅम. म्हणजे तुझी ओळ गेली, आणि तुझा आवाजही गेला. शोभे, मला तो घालवायचा नाही. त्याच्याशिवाय माझ्याकडे तुझं आहे काय? एकत्र काढलेला एक फोटोही नाही आपला. दुसऱ्यांचे एवढे स्कॅन केले.

त्याच दिवशी तुझी आई आली. न कळवता जीपनं आली आणि जिना चढताना तिला दम लागला होता. मला म्हणाली, "पोरी, लोक म्हनत्यात ती हितं बोलती." मी काय करणार? खुर्चीत बसवलं आणि आबांचा पत्ता बरोबर टाइप केला. "पत्ता बरोबर हाय," तू म्हणालीस, आणि खाली जुन्नरची जीप ओरडली. मावशी पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, "आजून यकदा." मी पुन्हा दाबलं. "आजून." मी दाबत राहिले. एकदा तर तिनं उत्तरही दिलं, "हां गं, हां." नंतर फार हळू विचारलं, "ती आसं बी म्हनंल का, आई, जेवलीस का?"

मी नाही म्हटलं. चारच वाक्यं आहेत मावशी, म्हटलं. तिनं मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. निघताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग मॉनिटरवरून पण फिरवला. त्यानंतर मी दार लावून घेतलं आणि मोठ्यानं रडले. खाली गिऱ्हाईक होतं, सासऱ्यांनी ऐकलं असणार, पण वर कुणी आलं नाही. तेव्हा तुझा इतका राग आला मला! चार वाक्यांऐवजी चाळीस बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? एवढा तोंडाचा पट्टा चालायचा तुझा दिवसभर, आणि माइकसमोर चार.

आज दुपारी बसले शेवटी. तुझ्या ओळीला हात लावला नाही, तुझी टोपी आणि तुझा डॉलर जिथल्या तिथे आहेत. तुझी ओळ पास झाली की तू बोलतेस, तेही तसंच ठेवलं. त्याच्या खाली माझी ओळ टाकली. आडवी रेघ, ई, पुढे पत्ता. खरंच एवढंच होतं गं. चहा निवण्याआधी झालं. एवढ्यासाठी मी तुझ्यामागे किती महिने लागले होते!

राहिलं पाचवं वाक्य. आबा वाचणार नाहीत, तेव्हा बोलणं भागच. पंखा बंद केला, माइक पुढे घेतला. "पण तिथे फाइल नाही." साधं वाक्य. 'पण तिथे'पर्यंत यायची आणि माइक बंद करायची. पाणी प्यायले, परत घेतलं, परत तेच. तुझ्यासारखं बोलून बघितलं, तुझे हेल काढून, तर स्वतःचीच लाज वाटली. एकदा नीट आलं, तर मध्येच खालून सासरे ओरडले, सुरती साड्यांचा गठ्ठा कुठे ठेवला? ते वाक्य मी पुसलं. आता वाटतं ठेवायला हवं होतं, तू ठेवलं असतंस. शोभे, ये ना गं. एवढं एक वाक्य बोलून जा, बाकी मी काही मागत नाही. तूच म्हणाली होतीस, मी बघती काय म्हनायचं ते. मग कुठे बघितलंस? माझ्या तोंडून कशाला वदवून घेतेस?

शेवटच्या खेपेला डोळे मिटून बोलले. फाइलच्या जागी तोंडातून भलताच शब्द गेला. पुन्हा घ्यायची ताकद नव्हती. तोच ठेवला. वाटलं तर आबांना सांगीन समजावून, पण मला वाटतं त्यांना न सांगता कळेल.

मग चालवून बघायचं म्हणून एक पत्ता टाइप केला. आबांचा नाही. आधी डी ड्राइव्ह. मग महाळुंगे, खालची रेघ, पडवळ. तुझ्या नियमाप्रमाणे, जागा न सोडता. मग तुझं नाव. मग गट नंबराच्या जागी मनाला येईल तो आकडा. असं फोल्डर आपल्याकडे कधी नव्हतंच. सगळ्या तालुक्याची फोल्डरं केलीस तू, स्वतःचं एकही नाही. बोट एंटरवर ठेवलं. मग दाबलं.

"पत्ता बरोबर हाय," तू म्हणालीस. मागे जुन्नरची जीप ओरडली.

"पण तिथे कुणी नाही," मी म्हणाले.